हंस 61 चे अंतर निम्मेच का येते?

प्रश्न
बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी खगोलशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम घेतला आहे. हंस तारकासमूहातील 61 क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर काढताना माझे उत्तर पुस्तकातील उत्तराच्या बरोबर निम्मे येत आहे. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाते, तेवढ्या काळात हा तारा मागच्या अंधूक ताऱ्यांच्या तुलनेत 0.572 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकलेला दिसतो, असे गणितात दिले आहे. त्याचा व्यस्त घेऊन मला 1.75 पार्सेक मिळाले. पुस्तकात मात्र 3.5 पार्सेक आहे. चूक नेमकी कोठे होत आहे?

उत्तर 1
आपण ताऱ्याचे संपूर्ण सरकणे घेतले आहे. पराशय म्हणजे त्याचा निम्मा कोन. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतर जेथून पाहिले असता एक विकलेएवढ्या कोनात दिसेल, तेथपर्यंतचे अंतर म्हणजे एक पार्सेक. सहा महिन्यांत मात्र आपल्या दोन निरीक्षणस्थानांमध्ये त्याच्या दुप्पट अंतर पडते. म्हणून पराशय 0.286 विकला आणि अंतर 3.5 पार्सेक, म्हणजे सुमारे 11.4 प्रकाशवर्षे. सूर्य, पृथ्वी आणि तारा यांचा काटकोन त्रिकोण एकदा स्वतः काढून पाहावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

उत्तर 2
वरील उत्तर बरोबर आहे. तथापि गणित सोपे करण्यासाठी पुस्तकाने एक महत्त्वाची गोष्ट वगळली आहे. हा तारा स्वतःच्या गतीमुळे आकाशात वर्षाला सुमारे 5.2 विकला सरकतो, म्हणजे सहा महिन्यांत 2.6 विकला, आणि हे पराशयामुळे दिसणाऱ्या सरकण्याच्या चौपटीहून अधिक आहे. त्यामुळे त्याचा आकाशातील मार्ग नागमोडी दिसतो. एवढी मोठी निजगती असलेला तारा जवळचा असावा, असा तर्क करून जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल यांनी क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेतून वर्षभराहून अधिक काळ त्याचे वेध घेतले आणि 1838 मध्ये 0.314 विकला हा पराशय जाहीर केला. एक सेंटिमीटर रुंदीची वस्तू सुमारे सात किलोमीटरवरून जेवढी दिसेल, तेवढा हा कोन आहे. छायाचित्रणाची मदत नसताना, दुर्बिणीला डोळा लावून घेतलेले हे वेध आजच्या मूल्याच्या इतके जवळ यावेत, याचे मला अतिशय अप्रूप वाटते.

प्रश्नकर्ता
त्रिकोण काढला आणि चूक ध्यानात आली. मग बरोबर एक वर्षाच्या अंतराने वेध घेतल्यास निजगती वेगळी काढता येईल का?

उत्तर 2
होय. वर्षाने पृथ्वी जवळजवळ त्याच जागी परत येते, त्यामुळे त्या दोन वेधांतील फरक निजगतीचाच असतो. त्याचा निम्मा भाग सहा महिन्यांच्या सरकण्यातून, दिशेचा विचार करून, वजा करावा. हा जोडतारा आहे, परंतु त्याच्या घटकांना एकमेकांभोवती फिरण्यास साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ लागतो; म्हणून एका वर्षाच्या वेधांत निजगती सरळ रेषेत धरण्यास हरकत नाही.