एमक्यूवरून सीआयसीएसला जोडणी: नाव बरोबर येतं, रक्कम मात्र १२३.४५ ची १२९.४२ होते

सेतुबंध
लिनक्सवर जावा सर्व्हिस (जेएमएस, म्हणजे जावातून मेसेज पाठवायची पद्धत), मधे आयबीएम एमक्यू (मेसेज रांगेत ठेवून पोचवणारं सॉफ्टवेअर), पलीकडे मेनफ्रेमच्या झेड/ओएसवर सीआयसीएस (व्यवहार चालवणारी प्रणाली) मधला कोबोल प्रोग्राम. उत्तराची कॉपीबुक (रेकॉर्डची मांडणी) साधी आहे: नाव पिक एक्स(४०), म्हणजे ४० अक्षरं; शिल्लक पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३, म्हणजे चिन्हासह ७ अंक आणि २ दशांश, अर्ध्या बाइटात एक अंक असे दाबून भरलेले; शेरा पिक एक्स(२०).

मेनफ्रेमवरूनच चाचणीची विनंती टाकली आणि उत्तर जावात वाचलं, तर नाव आणि शेरा अचूक येतात. शिल्लक तिकडे १२३.४५ असताना इकडे १२९.४२ दिसते. १२३.४६ असेल तर पार्सर थेट एक्सेप्शन देतो. टेक्स्ट मेसेज घेऊन त्याचे लॅटिन-१ मध्ये बाइट काढतो आहोत.

विनंती जावातून टाकली तर वेगळंच होतं. कोबोलला पहिल्या फील्डमध्ये 'आरएफएच'ने सुरू होणारा कचरा दिसतो आणि प्रोग्राम एएसआरएने (प्रोग्राममधल्या बिघाडाचा सीआयसीएसचा कोड) पडतो. एमक्यू सोडून सीआयसीएस ट्रान्झॅक्शन गेटवे किंवा झेड/ओएस कनेक्ट घ्यावं का?

निबल
जोडणी बदलून हे सुटणार नाही, कारण बिघाड रूपांतरात आहे. १२३.४५ ही रक्कम कॉम्प-३ मध्ये ५ बाइट घेते: ०० ०० १२ ३४ ५सी. कोबोल प्रोग्राम मेसेजच्या फॉरमॅटमध्ये स्ट्रिंग लिहितो, म्हणून अख्खा मेसेज मजकूर समजून एबसिडिकमधून (मेनफ्रेमची अक्षरांची संकेतावली) लॅटिन-१ मध्ये बदलला जातो. कोडपेज ०३७ (एबसिडिकचा एक प्रकार) मध्ये ५सी म्हणजे तारा, त्याचा होतो २ए. ३४ चा होतो ९४. हाती उरतं ०० ०० १२ ९४ २ए. शेवटचा निबल (अर्धा बाइट) चिन्हाचा असतो आणि तिथे ए हेसुद्धा धन चिन्ह म्हणून वैध आहे, त्यामुळे कुठेही तक्रार न होता १२९.४२ वाचलं जातं. १२३.४६ मध्ये ६सी म्हणजे टक्क्याचं चिन्ह, त्याचं होतं २५. चिन्हाच्या जागी ५ चालत नाही, म्हणून तिथे निदान एक्सेप्शन तरी मिळतं. खरी भीती पहिल्या प्रकाराची.

लॅटिन-१ ऐवजी यूटीएफ-८ घेतलंत तर ९४ चे दोन बाइट होतील आणि पुढचा शेरा एक बाइट सरकेल. तेव्हा तो उपाय नव्हे.

कोबोलमध्ये एमक्यूपुट (मेसेज रांगेत टाकणं) करण्याआधी एमक्यूएमडीच्या (मेसेजच्या वर्णनाचं हेडर) फॉरमॅटमध्ये एमक्यूएफएमटी-नन टाका. मग जेएमएसला बाइट्स मेसेज मिळेल. पहिले ४० बाइट एबसिडिक म्हणून उलगडा, पुढचे ५ निबल-निबल वाचा, शेवटचे २० पुन्हा एबसिडिक. हाताने लिहायचं नसेल तर जेरेकॉर्ड ही मुक्त लायब्ररी कॉपीबुक वाचून हेच करते. मेनफ्रेमकडे बदल करता येत नसेल तर जेएमएस सोडून एमक्यूचे मूळ जावा क्लास वापरा आणि गेट करताना कन्व्हर्ट पर्याय देऊ नका. बाइट जसेच्या तसे येतात.

कोडपेज अंदाजाने ठरवू नका. तिकडून डावा चौकोनी कंस पाठवायला सांगा आणि हेक्स बघा: बीए आला तर ०३७, एडी आला तर १०४७, ४ए आला तर ५००. अक्षरं आणि अंक तिन्हींत सारखेच असल्याने नुसत्या नावांवरून फरक कळत नाही.

रांगेतला
विनंतीतला कचरा म्हणजे आरएफएच२ हेडर. जेएमएस आपले गुणधर्म त्यात भरून मजकुराच्या आधी जोडतं; त्याचा ठरावीक भागच ३६ बाइटांचा असतो. डेस्टिनेशनवर टार्गेट-क्लायंट १ करा, हेडर जाणं थांबेल. विनंतीसुद्धा बाइट्स मेसेजच ठेवा.

आणखी दोन गोष्टी आत्ताच करून घ्या. कोबोलने विनंतीचा मेसेज-आयडी उत्तराच्या कोरल-आयडीत (हे कोणत्या विनंतीचं उत्तर ते सांगणारी ओळख) उतरवायला हवा. हे २४ बाइट निव्वळ बायनरी असतात, त्यांची स्ट्रिंग करून परत बाइट केले की जुळणी तुटते. झेड/ओएसवर उत्तराच्या क्यूला इंडेक्स-टाइप कोरल-आयडी द्या, नाहीतर क्यू भरली की प्रत्येक गेटला ती चाळत बसावी लागते. एक्स्पायरीही लावा. जावा ५ सेकंद थांबणार असेल तर विनंतीचं आयुष्यही तेवढंच हवं. एमक्यूएमडीत हे सेकंदाच्या दशांशात मोजतात, म्हणजे ५०. जेएमएसमध्ये मिलिसेकंदात, म्हणजे ५०००. नाहीतर कुणी वाट पाहत नसलेल्या विनंत्या मागाहून चालत राहतात.

सेतुबंध
टार्गेट-क्लायंट १ केल्यावर कचरा गेला, शिल्लकही बरोबर येते. धन्यवाद दोघांना. एएसआरए मात्र अजून कधीकधी येतो, विनंतीतली किमान रक्कम वापरकर्त्याने रिकामी सोडली की.

निबल
मग डंपमध्ये एस०सी७ (डेटा एक्सेप्शनचा कोड) दिसेल. रिकाम्या रकमेच्या जागी तुम्ही स्पेस भरत असणार: ४० ४० ४० ४० ४०. शेवटचा निबल ०, ते चिन्ह नाही, आणि कोबोलने गणित करायला घेतलं की डेटा एक्सेप्शन. शून्य पाठवा: ०० ०० ०० ०० ०सी. ऋण रकमेला शेवटी डी.

हिरवा_पडदा
मूळ प्रश्नाबद्दल. उत्तर तात्काळ हवं आणि प्रोग्राम कॉमएरियावर (सीआयसीएस प्रोग्रामला डेटा देण्याघेण्याची जागा) चालतो, तर ट्रान्झॅक्शन गेटवे सुटसुटीत. पण कॉमएरियाची मर्यादा ३२ केबी, त्यापुढे चॅनल-कंटेनर (मोठा डेटा देण्याची सीआयसीएसचीच पद्धत) लागतात. झेड/ओएस कनेक्ट रेस्ट आणि जेसन (वेबवरची नेहमीची पद्धत आणि मजकुराचा साचा) देतं, कॉपीबुकवरून मॅपिंगही बनवतं, म्हणजे निबलांची कटकट तिकडेच राहते. पण कॉपीबुक बदलली की मॅपिंग पुन्हा बनवून चढवावं लागतं, ते काम कुणाचं हे आधी ठरवा. रीडिफाइन्स (एकाच जागेची दुसरी मांडणी) आणि ऑकर्स डिपेंडिंग ऑन (बदलत्या लांबीची यादी) असलेल्या कॉपीबुका आधी तपासून घ्या, अडतं ते तिथेच. टीएन३२७० (मेनफ्रेमचं टर्मिनल) वरून २४×८० चा पडदा वाचणं हा केवळ प्रोग्रामला हातच लावता येत नसेल तेव्हाचा मार्ग. पडद्यावर एक ओळ सरकली तरी जोडणी मोडते.

तुमची विनंती रक्कम बदलणारी नसेल, नुसती चौकशीची असेल, तर टाइमआउटनंतर पुन्हा पाठवायला हरकत नाही. खात्यात नोंद करणारी असेल तर प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक द्या आणि तो आधी येऊन गेला आहे का हे कोबोलने डीबी२ (मेनफ्रेमचा डेटाबेस) मध्ये बघू दे. हे सगळ्याच मार्गांना सारखंच लागू आहे.