मदत हवी आहे: डीईएचपी (बॅगेचं प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन, म्हणजे प्लास्टिसायझर) नसलेल्या ब्लड बॅगेत लाल पेशी ४२ दिवस नीट टिकतात का?

आम्ही ब्लड बँकेत डीईएचपी नसलेल्या बॅगा ट्रायलला घेतल्यात, त्याऐवजी प्लास्टिसायझर डीआयएनसीएच, लाल पेशी टिकवायचं सोल्युशन सॅग-एम, फ्रीज २ ते ६ डिग्री, रक्त फिल्टर केलेलं. डीईएचपी रक्तात उतरतं, नवजात बाळांना ते नकोच, हे पटतंय पण तेच लाल पेशींचं आवरण सांभाळतं ना, तिथेच अडलोय. ३५ दिवसांनंतर काही बॅगांत वरच्या थराला गुलाबी झाक दिसते, हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) ०.८ टक्क्यांच्या मर्यादेच्या आत आहे तरी डीईएचपीवाल्या जुन्या बॅगांपेक्षा जास्तच. आठवड्यातून एकदा हलक्या हाताने उलटसुलट करून पाहिलं, थोडा फरक पडला. फ्रीजचं तापमान तपासून झालंय, ते ठीक आहे. ज्यांनी वापरल्यात त्यांनी प्लीज सांगा, सोल्युशन बदलून पॅगजीएसएम घेतलं की साठवणुकीचे दिवसच कमी केले?