पेव चार फूट वाढलं, पण कणीस नाही. मदत हवी आहे

मे महिन्यात पेवाचे (कॉस्टस, आल्याच्या जातकुळीतलं रानफूल) दोन-दोन डोळ्यांचे कंद १४ इंची कुंडीत ५ सेंमी खोल लावलेत. माती २ भाग, पालापाचोळ्याचं खत १ भाग, थोडी वाळू. खोडं मळसूत्रासारखी फिरत ४ फुटांवर गेली, पानं निरोगी. पण सप्टेंबर आला तरी शेंड्याला फुलांचं लाल कणीस नाही. शेंडा खुडलेला नाही, फूल तिथेच येतं. ऊन सकाळचं जेमतेम दीड तास, जुलैत दोनदा शेणखत. संशय सावलीवर जास्त आहे, कारण सह्याद्रीत पेव रानाच्या कडेला, उजेडात भरभरून फुलतं. की नत्र जास्त झालं? हिवाळ्यात खोडं वाळली की पाणी तोडायचंच, नाहीतर कंद कुजतो. पण पुढच्या मेमध्ये कंद फोडावा, की आणखी वर्षभर तसाच ठेवावा?