जुन्या पॉइंट टू-टू (०.२२ इंच) मॅच रायफलची बॅरल: मागून कापून नवा चेंबर (काडतूस बसतं ती जागा) मारायचा, की आहे तशीच चालवायची?

प्रोनवाला_म्हापसा

नमस्कार मंडळी. रायफल ॲन्शुट्झ १९१३, अक्रोडाचा स्टॉक (दस्ता). माझ्याआधी घाटावरच्या एका शूटरकडे होती, त्यानेही ती आणखी कुणाकडून घेतलेली. त्यामुळे बॅरलमधून एकूण किती गोळ्या गेल्या याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच.

त्रास असा. पन्नास मीटरला पाच-सहा गोळ्या एकाच भोकात गेल्यासारख्या बसतात आणि मग एक उगाचच नवाच्या पट्ट्यात जाते. तिला दिशा नाही. घड्याळाच्या तबकडीवर म्हणाल तर आज दोन वाजता, उद्या सात वाजता. वारा नसतो, ट्रिगर स्वच्छ सुटलेला असतो, माझा कॉल (गोळी सुटतानाचा अंदाज) दहाचा असतो. दहाचं वर्तुळ १०.४ मिमी आणि गुण दशांशात मोजायचे. साठ गोळ्यांत अशा तीन-चार आल्या की मॅच गेली. हे पावसाळ्यापासून जास्त वाढलंय. काडतुसांचा लॉट तोच आहे, गेल्या हिवाळ्यात याच लॉटने ठीक चाललं होतं.

एका ओळखीच्याचा बोअरस्कोप (बॅरलच्या आत बघायचं साधन) मिळाला. चेंबर संपून गोळीला फिरवणाऱ्या खाचा सुरू होतात तिथे, सहा वाजताच्या म्हणजे खालच्या अंगाला, मे महिन्यात खाजनातला चिखल तडकतो तसं पोलाद दिसतंय. वरच्या अंगाला काहीच नाही. पुढे बोअर (आतलं भोक) सगळा छान, मझल म्हणजे पुढचं तोंडही स्वच्छ.

घाटावरचा एक गनस्मिथ म्हणतो, "मागून इंचभर कापू, नवा चेंबर मारू, नव्यासारखी होईल." हे 'नव्यासारखी' ऐकलं की माझा हात खिशावर जातो. घरचे वेगळंच सांगतात. पॅरिसला स्वप्नील कुसळेने थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं तेव्हापासून त्यांना वाटतं की नवी रायफल घेतली की आपलंही काहीतरी होईल. माझं वय आणि पोट बघता तसं काही होणार नाही. मी प्रोन, म्हणजे पडून, मारतो, आणि प्रोन तर रिओनंतर ऑलिंपिकमधूनही गेलं.

कुणी पॉइंट टू-टूची बॅरल अशी मागे घेतलेली आहे का?

निवृत्त_हवालदार_डिचोली

साहेब, पॉइंट टू-टूची बॅरल जळते यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. आमच्याकडे सात-बासष्ट (७.६२ मिमी) रायफल होती. तिच्या काडतुसात चाळीस-पंचेचाळीस ग्रेन दारू असते, तिथे चेंबरच्या तोंडाशी ज्वाळा पोलाद खाते. पाचेक हजार गोळ्यांनंतर मॅचची धार जाते, मग बॅरल मागे घेणं किंवा बदलणं आलंच. तुमच्या काडतुसात दारू एक-दोन ग्रेन. त्यात काय जळणार?

आधी स्वतःकडे बघा, मग स्टॉककडे, मग गोळीकडे, आणि सगळ्यात शेवटी बॅरलकडे. आमचे उस्ताद हाच क्रम सांगायचे.

दहाच_पाहिजे

विकून टाका. रायफलपेक्षा गिऱ्हाईक जुनं शोधा.

लेथवाला_फोंडा

हवालदार काका, क्रम तुमचा बरोबर आहे, पण रिमफायर, म्हणजे आपली पॉइंट टू-टू, दारूने जळत नाही, मसाल्याने झिजते. रिमच्या (काडतुसाच्या मागच्या कडेच्या) आत जो प्रायमिंगचा मसाला असतो त्यात घर्षणासाठी बऱ्याचदा बारीक काचेची पूड घालतात. ती प्रत्येक गोळीबरोबर पुढे फेकली जाते आणि बरीचशी तळाला बसते, म्हणून झीज सहा वाजताच दिसते. प्रोनवाले दादांनी बघितलंय ते खोटं नाही. फक्त तो खडबडीतपणा पोलादाचा आहे की वर बसलेल्या कार्बनचा, हे नुसत्या बोअरस्कोपच्या फोटोवरून ठरवू नका. चेंबरपुढे कार्बन आणि शिशाचं असं कडं बसतं की पोलादच वाटतं. सॉल्व्हंट घालून मुरू द्या, चेंबरकडून ब्राँझचा ब्रश चालवा, पुसा आणि परत बघा. ड्रिलला ब्रश लावून पॉलिश पेस्ट फिरवायचे व्हिडिओ बघितले असतील, ते विसरा.

मग एक साधी तपासणी. रेंजवर, मझल टार्गेटकडे ठेवून, एक काडतूस चेंबर करा आणि न मारता हळूच बाहेर काढा. काढण्याआधी वरची बाजू कुठली ते रिमवर मार्करने टिपून ठेवा. मॅच चेंबरमध्ये बोल्ट बंद होतानाच शिसं खाचांत थोडं शिरतं, त्यामुळे गोळीच्या खांद्यावर बारीक रेघा उमटतात. भिंग घेऊन फिरवून बघा. रेघा सगळीकडून सारख्या आल्या तर थ्रोट (चेंबरपुढचा, खाचा सुरू होतात तो भाग) अजून गोळीला नीट धरतोय. खालच्या अंगाला रेघच नसेल तर गोळी तिरकी निघते, आणि तुमच्या दिशाहीन फ्लायरचं (भरकटलेल्या गोळीचं) एक कारण मिळालं.

आता कापायचं म्हणाल तर. मागून कापणं हेच बरोबर आहे, कारण चांगल्या मॅच बॅरलचा बोअर मझलकडे किंचित आवळलेला असतो. तो आवळा गेला तर रायफल गेली. पण गनस्मिथला तीन गोष्टी विचारा. रीमर (चेंबर कोरायचं हत्यार) कुठला, आणि त्याचा पायलट (बोअरमध्ये शिरणारं पुढचं टोक) तुमच्या बोअरमध्ये घट्ट बसतो का? लेथवर बॅरल सेंटर कशावरून करणार, बाहेरच्या अंगावरून की बोअरवरून? बाहेरचा अंग आणि बोअर एकाच मध्यावर असतातच असं नाही. आणि ॲन्शुट्झची ही बॅरल ॲक्शनमधून (बोल्टच्या घरातून) कशी काढणार? '५४' ॲक्शनच्या या बॅरली आट्यांवर बसवलेल्या नसतात, दाबून बसवून आडवी पिन मारलेली असते. "व्हाइसमध्ये धरून फिरवतो" असं तो म्हणाला तर चहा प्या आणि रायफल घेऊन घरी या.

चेंबर मारल्यावर एक्सट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) खाचा परत पाडाव्या लागतात, आणि रिमची जागा ०.०४३ इंचावर, म्हणजे साधारण १.०९ मिमीवर आणावी लागते. रीमर चालवणं हे काम लहान, हे बाकीचं मोठं. फ्रंट साइट इंचभर मागे येईल ती वेगळी, पण तिला एक्स्टेन्शन ट्यूब आहे.

थ्रीपी_ताई_पणजी

लेथवाले दादांनी मशीनचं सांगितलं, मी लाकडाचं सांगते. "पावसाळ्यापासून वाढलंय" हे वाक्य सगळ्यांनी सोडून दिलं. अक्रोड आपल्याकडच्या जुलैत फुगतो. ॲक्शनखालची बैठक हलते, स्क्रू आपला आपण सैल किंवा घट्ट होतो, आणि मग तुम्ही म्हणता तसेच फ्लायर येतात: पाच बरोबर, एक कुठेतरी. माझा लाकडी स्टॉक होता तेव्हा मी टॉर्क रेंच किटमध्येच ठेवायचे आणि आकडा वहीत लिहायचे. रायफल कपाटात असेल तर आत सिलिका जेल ठेवा, आणि ते तव्यावर परत वाळवत जा. फायरिंग पिनची स्प्रिंगही बघा. दमलेल्या स्प्रिंगने ठिणगी कमी-जास्त पडते आणि गोळ्या वर-खाली पसरतात. तुमच्या चारी बाजूंना जातात म्हणजे बहुतेक स्प्रिंग नाही, पण ती स्वस्त आहे, बदलूनच टाका.

कागदपत्रं_आधी

मशीन झालं, लाकूड झालं, आता कायदा. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ६ वाचा: बंदुकीची बॅरल आखूड करायची तर त्यासाठी वेगळा परवाना लागतो. मागून इंचभर कापली तरी लांबी कमीच होते. "मी मझल कुठे कापली" हा युक्तिवाद तुम्ही पोलीस स्टेशनात करत बसाल. कलम ५ प्रमाणे दुरुस्ती करणाऱ्याकडेही परवाना हवा, तेव्हा गनस्मिथचा परवाना डोळ्यांनी बघा, "आहे हो" यावर जाऊ नका. आणि कलम ८: शस्त्रावरचा नंबर किंवा ओळखखूण पुसणं, बदलणं गुन्हा आहे. बॅरलच्या मागच्या भागात नंबर कोरलेला असेल आणि नवा शँक (ॲक्शनमध्ये बसणारा भाग) वळवताना तो लेथवर गेला, तर तुमच्या हातात बिननंबरची बॅरल. नंबर कुठे आहे तो आधी मोजून घ्या.

नवी बॅरल मागवणार असाल तरी सुटका नाही. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भाग म्हणजेही शस्त्र, आयातीला परवाना लागतोच. काहीही करा, आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रोनवाला_म्हापसा

सगळ्यांचे आभार. दहाच_पाहिजे यांचे जरा कमी.

केलं ते सांगतो. सॉल्व्हंट रात्रभर ठेवला, सकाळी ब्रश चालवला. पॅचवर जे काळं आलं ते बघून बायकोने विचारलं की हे नाकातोंडात जात नाही ना. परत बोअरस्कोप घातला तर तडे अर्ध्याहून कमी राहिलेत. बाकी कार्बन होता. उरलेलं मात्र पोलादच आहे, नखाला लागेल असं.

रेंजवर काडतूस चेंबर करून काढलं. वर आणि दोन्ही बाजूंना रेघा ठळक, खाली पुसट. पुसट आहेत, पण आहेत. आणि ताई, पुढचा ॲक्शन स्क्रू मागच्यापेक्षा चांगलाच सैल निघाला. आता यातलं कारण कुठलं?

लेथवाला_फोंडा

दोन्ही असू शकतात, म्हणून एका वेळी एकच बदला. स्क्रू बसवा, बॅरल आता स्वच्छ आहेच, आणि कोरड्या हवेत तोच लॉट बेंचवरून मारून बघा. खांद्यावरून नको, तुमचा श्वास त्या ग्रुपमध्ये यायला नको. दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप दहाच्या वर्तुळात बसले तर कापायचा विषयच संपला. खाली पुसट रेघा असलेल्या बॅरली मी वर्षानुवर्षं चाललेल्या बघितल्यात. मात्र आता कार्बन साचू देऊ नका. खडबडीत जागेवर तो लवकर बसतो, त्यामुळे तुम्हाला इतरांपेक्षा जास्त वेळा साफ करावं लागेल.

निवृत्त_हवालदार_डिचोली

काचेचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे कुणी सांगितलं नाही. पण स्टॉक बॅरलच्या आधी येतो, हे राहिलं की नाही?

थ्रीपी_ताई_पणजी

राहिलं काका, राहिलं.

प्रोनवाला_म्हापसा

ठरवलंय असं. डिसेंबरात पुण्याच्या बालेवाडीला जाणार आहेच, तिथे बेंचवरून मारतो. ग्रुप उघडेच राहिले तर कापण्याचा विचार, तोही परवाना हातात आल्यावर. अर्ज मात्र आत्ताच देऊन ठेवतो, कारण आपल्याकडे तो टेबलावरून टेबलावर किती फिरेल याचा भरवसा नाही. गनस्मिथला फोन करून पायलट आणि सेंटरिंगचं विचारलं. म्हणाला, "तुम्ही रायफल आणा तर खरं, मग बघू." बॅरल कशी काढणार यावर गप्प बसला. त्याच्याकडे आता जाणार नाही.

लेथवाले दादा, बेंचसाठी पुढचा रेस्ट माझ्याकडे नाही. तुमचा असला तर डिसेंबरपुरता द्याल का? फोंड्याला येऊन नेतो.

लेथवाला_फोंडा

आहे. रविवारी सकाळी या, दहानंतर लेथ चालू असते, बोलता येत नाही. बोल्टही आणा, स्प्रिंग बघून टाकू.