बालविभागातील माहितीपर पुस्तके : दहा वर्षांची अट कशासाठी?

लष्करवासी : आपल्या मंडळाच्या वाचनालयातील "दहा वर्षांहून जुनी माहितीपर पुस्तके सरसकट रद्दीत काढावीत", ही परवाच्या टिपणातील सूचना वाचून राहवले नाही. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिराच्या शिलालेखात इ.स. 876 मध्ये कोरलेला 270 हा आकडा, आणि त्यातले ते इवलेसे वाटोळे शून्य, मुलाने 1985 च्या पुस्तकात वाचले म्हणून शिळे होते का?

मोरारकर (टिपण माझेच) : शून्य शिळे होत नाही, नकाशे होतात. त्याच कपाटातून नातवाने काढलेल्या पुस्तकात मध्य प्रदेशाला छत्तीसगड अजून चिकटलेले होते, प्लूटो नववा ग्रह होता आणि चित्ता भारतातून कायमचा गेलेला होता. छत्तीसगड 2000 साली वेगळे झाले, प्लूटोचे ग्रहपद 2006 मध्ये गेले आणि 2022 पासून चित्ते कूनोत, म्हणजे आपल्या जवळच्या श्योपूर जिल्ह्यात आहेत. नातवाने पुस्तक मिटून विचारले, "आजोबा, आता यातलं खरं काय ते कसं ओळखायचं?"

दौलतगंजकरीण : आपण दोघे सालांवरून भांडता, पण खरी अडचण भाषेची आहे. माझी भाची हिंदी माध्यमात शिकते. सुटीत मराठी पुस्तक वाचून तिने परीक्षेत पाण्यात हायड्रोजनचे दोन "अणु" लिहिले आणि शिक्षकांनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढून गुण कापले. कारण आपला अणू तो हिंदीत परमाणु, आणि हिंदीतला अणु तो आपला रेणू. पुण्याहून पुस्तके मागवणाऱ्यांनी याचा कधी विचार केला आहे का?

लष्करवासी : मग काय, हिंदी पुस्तकेच भरून मराठी वाचनालयाची पाटी उतरवायची?

दौलतगंजकरीण : न बोललेले शब्द माझ्या तोंडी घालू नका. विज्ञानाच्या प्रत्येक मराठी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हिंदी प्रतिशब्दांची यादी चिकटवावी, एवढेच म्हणते. ती मी स्वतः लिहून देईन. पुस्तकनिवड समितीत आजवर एकाही बाईला घेतलेले नाही, तरीही.

मोरारकर : यादी चांगली आहे, पण चुकीच्या नकाशाला ती काय करणार?

लष्करवासी : ठीक आहे. भूगोल, अवकाश आणि प्राण्यांची कपाटे आपण खुशाल रिकामी करा, आपल्या नातवाच्या हस्ते केलीत तरी चालेल. गणित आणि इतिहासाच्या कपाटाची किल्ली मात्र माझ्याकडेच राहील.