‘पिस्तूल’ मराठीत आले कोठून?

धागालेखक :
‘पिस्तूल’ इंग्रजीतून आले असे आपण सहज म्हणून जातो. मला मात्र तो पोर्तुगीज ‘पिस्तोला’चा वंशज वाटतो. इंग्रजी उच्चारात आघात पहिल्या अक्षरावर असतो आणि पुढचा स्वर जेमतेम ऐकू येतो, त्यामुळे त्यातून ‘पिस्टल’ निघावे, आणि ‘एअर पिस्टल’मध्ये ते तसे निघालेही आहे. पोर्तुगीजमध्ये आघात ‘तो’वर आहे; तोच स्वर आपल्याकडे ‘तू’ होऊन टिकला. शिवाय आपल्या शब्दात इंग्रजीचा ‘ट’ नाही, पोर्तुगीजसारखा ‘त’ आहे. शेवटचा ‘आ’ गळण्याला पोर्तुगीज ‘फीता’पासून झालेल्या ‘फीत’चा दाखला आहे. त्यात भरायचे काडतूसही पोर्तुगीजांकडूनच आलेले!

प्रतिसाद १ :
असहमत. ‘त’ पाहून पोर्तुगीज म्हणायचे, तर इंग्रजी ‘टिकेट’चे आपण ‘तिकीट’ केले आणि पोर्तुगीज ‘बताता’चा बटाटा, त्याचे काय? हिंदीत ‘पिस्तौल’ आहे आणि लष्करी शब्द फौजांबरोबर उत्तरेकडूनही येतात. पिस्तुलालाच म्हणतात तो ‘तमंचा’ फारसीतूनच आला आहे. शिवाय ‘पिस्तोला’ स्त्रीलिंगी, आपले पिस्तूल नपुंसकलिंगी.

धागालेखक :
बटाट्यापुढे माझा ‘त’ टिकत नाही, हे मान्य. पण ‘पिस्तौल’मध्येही तोच ठळक स्वर आहे, म्हणजे शब्द उत्तरेकडून आला असे धरले तरी तो इंग्रजीचा ठरत नाही, प्रश्न फक्त एक मुक्काम मागे सरकतो. लिंगाचे म्हणाल तर ‘काडतूस’ मुळात पुल्लिंगी आहे, आपल्याकडे तेही नपुंसकलिंगी झाले.

प्रतिसाद २ :
आपण दोघेही शेवटच्या टप्प्यावरच भांडत आहात. पंधराव्या शतकातील हुसाईट युद्धांत (आजच्या चेक प्रदेशातील धर्मयुद्धांत) चेक सैनिक हातातल्या लहान बंदुकीला ‘पीश्त्याला’ म्हणत, म्हणजे नळी किंवा पावा. जर्मन आणि फ्रेंचमार्गे तोच शब्द युरोपभर पसरला, असे मला वाटते. बोफोर्समुळे आपल्या कानावर पडलेला ‘हॉवित्झर’ (तोफेचा एक प्रकार) हा शब्दही चेक ‘होउफ्नित्से’चाच.

प्रतिसाद ३ :
हॉवित्झर चेक म्हणून पिस्तूलही चेक, हा तर्क मला पटत नाही. इटलीतील पिस्तोया गावच्या खंजिराला ‘पिस्तोलेसे’ म्हणत, आणि छोट्या खंजिराचे नाव पुढे छोट्या बंदुकीला मिळाले, अशीही जुनी व्युत्पत्ती आहे.

प्रतिसाद २ :
खंजिराचे नाव नळीच्या शस्त्राला का द्यावे, याचे उत्तर त्या व्युत्पत्तीत ‘दोन्ही लहान’ एवढेच आहे. नळीला नळी म्हणणे त्याहून कितीतरी स्वाभाविक. आपणही ‘बंदुकीची नळी’च म्हणतो.