येळवशीनंतरचं खळं
येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाच्या, आंबील-भज्जीच्या आठवणी इथं लिहिलेल्या वाचून भरून आलं. मात्र लातूर-धाराशिवकडे येळवस येते ती मार्गशीर्ष अमावस्येला, तेव्हा ज्वारी अजून उभीच असते. खरी सुगी पुढे, माघ-फाल्गुनात. तिच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून ही भर.

आमच्याकडे मळणीसाठी खळ्याची जागा पाणी मारून, चोपून, शेणानं सारवून घेत. मधोमध तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब, रोवायचा, भोवती कणसं पसरायची आन् त्यावरून बैलांची पात, म्हणजे एका रांगेत जुंपलेले बैल, फिरवायची. आजोबा बैलांना मुसकं बांधू देत नसत. पिकवणाऱ्यानं आधी खावं, म्हणायचे. मग वारं बघून उपणणी, म्हणजे वाऱ्यावर भुसा उडवून दाणे वेगळे करायचे. रास पडली की जवळ चप्पल घालून जायचं नाही. मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, पुढं दोन, तीन. बलुतेदारांचं माप आधी निघायचं, आमची पोती नंतर शिवली जायची. बलुतेदारांना आधी द्यायचा हा आज्जीचा नियम मला सगळ्यात मोठा वाटतो.

आता मळणीयंत्रानं दोन तासांत काम उरकतं. कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण यंत्राजवळ उभं राहूनही 'लाभ' म्हणता येतं, आम्ही अजून म्हणतो. औसा-निलंग्याकडं कुणी म्हणत असेल तर जरूर लिहा.